आमदार विरोधातला, सरकार दुसऱ्याचं: मग आमच्या पुलाचं काय?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका तरुणाने विचारलंय: "२०२३ मध्ये कर्नाटकात काँग्रेसचं सरकार आलं आणि आमच्या तालुक्याने भाजपचा आमदार दिला. आधीच्या सरकारात आमच्या नाल्यावरच्या पुलाचं भूमिपूजन झालं होतं, ते काम तिथंच थांबलं. गावातले जाणते म्हणतात, आता पाच वर्षं विसरा. नव्या सरकारकडून आम्ही अपेक्षा ठेवायची की नाही? ठेवायची तर कोणाच्या दारात जायचं?"

विसरा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. पण आमदार सत्तेतला असता तर पूल झालाच असता, हेही डोक्यातून काढा. आपल्याच जिल्ह्यातलं बघा की. कागवाडचे राजू कागे सत्ताधारी पक्षाचे आमदार. २०२५ च्या जूनमध्ये त्यांनी जाहीर तक्रार केली की मुख्यमंत्र्यांनी मतदारसंघाला २५ कोटींचा विशेष निधी देऊन दोन वर्षं झाली, तरी वर्क ऑर्डर निघत नाही. राजीनाम्याची भाषाही त्यांनी केली. सत्तेतल्या आमदाराची फाईल जिथं अडते, तिथंच विरोधातल्याचीही अडते. ती जागा कुठली, हे कळलं तर तुमचं अर्धं काम झालं.

मी १९८९ मध्ये एसडीए, म्हणजे सरकारी ऑफिसातला द्वितीय श्रेणी सहाय्यक, म्हणून नोकरीला लागलो आणि २०२१ मध्ये निवृत्त झालो. बहुतेक काळ रस्ते, पूल, शाळाखोल्या यांच्या फायली हाताळल्या. आता गावोगावच्या लोकांना अर्ज लिहून देतो. लागलो त्याच साली वीरेंद्र पाटलांचं सरकार आलं आणि मी उठेपर्यंत मुख्यमंत्र्यांचा फोटो इतक्या वेळा बदलला की आमच्या ऑफिसातल्या खिळ्याभोवतीचा गिलावाच सुटला. शेवटी शिपायाने फोटो सुतळीने खिडकीच्या गजाला बांधला. आपल्या राज्यात १९८५ नंतर एकाही सत्ताधारी पक्षाला निवडणूक जिंकून पुन्हा सत्तेवर बसता आलेलं नाही. म्हणजे दर पाच वर्षांनी, कधी त्याआधीच, सगळं नव्याने सुरू होतं असं लोकांना वाटतं. फायलीला तसं वाटत नाही. ती जिथं असते तिथंच असते, फक्त सही करणारा बदलतो.

आता तुमच्या पुलाचं. १३ मे २०२३ ला निकाल लागला. २२४ पैकी १३५ जागा काँग्रेसला. आपल्या जिल्ह्यात १८ पैकी ११ त्यांना आणि ७ भाजपला. त्या सातांत खानापूर, निपाणी, बेळगाव दक्षिण हे मराठी पट्ट्यातले तीन. २० मे ला सिद्धरामय्यांचा शपथविधी झाला आणि दोनच दिवसांत आदेश निघाला: आधीच्या सरकारची जी कामं सुरू झालेली नाहीत ती थांबवा, पुढचे पैसे सोडू नका. तुमच्या गावाला वाटलं, आपण भाजपला मत दिलं म्हणून पूल थांबवला. तसं नाही. आदेश सगळ्या राज्याला होता, त्यांच्या स्वतःच्या आमदारांच्या तालुक्यांनाही. आणि असला आदेश हा काही त्यांचाच शोध नाही. नवं सरकार आलं की तिजोरी मोजायला पहिले दोन-तीन महिने हात आखडतंच. मी सात वेळा बघितलंय.

त्या आदेशातला कळीचा शब्द होता 'सुरू न झालेली'. भूमिपूजन म्हणजे काम सुरू होणं नव्हे. माझ्या नोकरीच्या काळात एका नाल्यावर दोन सरकारांच्या दोन कोनशिला बसलेल्या मी पाहिल्या आहेत. पहिलीचा कडप्पा गावच्या बायकांनी उलटा करून धुण्याला घेतला होता. बाया म्हणाल्या, "ह्याच्यावर नाव कुणाचं का असंना, कपडं निघत्यात चांगली." नाल्यावर पूल नव्हताच. दोन्ही वेळा मंत्री आले, नारळ फुटला, मात्र मागे टेंडर नव्हतं.

काम कागदावर कसं पुढं सरकतं ते समजून घ्या. आधी इस्टिमेट, मग प्रशासकीय मंजुरी, मग तांत्रिक मंजुरी, मग टेंडर, मग ठेकेदाराशी करार आणि वर्क ऑर्डर. करार झालेलं काम सरकारला सहजी मोडता येत नाही, ठेकेदार कोर्टात जातो. नुसती प्रशासकीय मंजुरी असेल तर ते काम नवं सरकार एका पत्राने बाजूला ठेवतं आणि एका पत्राने परत उठवतंही. म्हणून पहिला प्रश्न 'पूल कधी होणार' हा नाही. 'आमच्या पुलाचा शेवटचा कागद कुठला आणि त्यावर तारीख काय' हा आहे. तोंडी सांगत नसतील तर माहिती अधिकारात मागा. दहा रुपये फी. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, हा नियम लक्षात ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या पाच-सहा जणांचे अर्ज ह्याच एका कारणावरून परत आलेले असतात. त्यात लोकांनी गावाचा इतिहास लिहिलेला असतो.

दुसरा प्रश्न, रस्ता कोणाचा? पूल ज्या रस्त्यावर आहे तो राज्य महामार्ग किंवा जिल्हा प्रमुख रस्ता असेल तर सार्वजनिक बांधकाम खातं. गावजोड रस्ता असेल तर पंचायत राज अभियांत्रिकी. दोघांची ऑफिसं वेगळी, मंत्री वेगळे, पैशाचं खातं वेगळं. आपले पालकमंत्री सतीश जारकीहोळी ह्यांच्याकडेच बांधकाम खातं आहे, म्हणून जिल्हाभरातले लोक प्रत्येक पाणंदीचा अर्ज त्यांना नेऊन देतात. ग्रामीण विकासाच्या रस्त्याचा अर्ज तिथं गेला की त्यावर 'सूक्त क्रमक्कागि' असा शेरा मारून तो दुसऱ्या खात्याकडे जातो. योग्य कारवाईसाठी, एवढाच त्याचा अर्थ. लोक तो शेरा मंजुरी समजून घरी पेढे वाटतात. हसू नका, वाटलेले आहेत.

तिसरा प्रश्न तुमच्या भागात सगळ्यात मोठा आहे: जमीन कोणाची? कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला निम्मा मुलूख जंगलखात्याचा. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. आमगाव, गवाळी, पास्तोली, तळेवाडीसारखी गावं त्याच्या आत आली. अभयारण्याच्या हद्दीत पूल बांधायचा तर राज्यातल्या मंत्र्याच्या सहीने भागत नाही. प्रस्ताव राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपर्यंत जातो. पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं, तो फोटो पेपरात येतो, मंत्री 'तातडीने पूल करू' म्हणतात, आणि मंजुरीचा प्रस्तावच गेलेला नसतो. मंत्री खोटं बोलतात असं मला वाटत नाही. त्यांच्यासमोर ठेवलेल्या कागदात जंगलाचा उल्लेखच नसतो. तुमचा नाला हद्दीत आहे की बाहेर, हे वनखात्याकडून लेखी घ्या. हद्दीत असेल तर सरकार कुठल्याही पक्षाचं असो, तुमची खरी लढाई त्या प्रस्तावाची.

'नव्या सरकारने गॅरंटी, म्हणजे निवडणुकीत कबूल केलेल्या योजना, झटपट दिल्या, मग पूल का नाही?' हा प्रश्न मला रोज ऐकायला मिळतो, त्यात राग असतो आणि तो समजण्यासारखा आहे. बायकांना फुकट एसटी प्रवासाची शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली, शपथविधीला महिनाही झाला नव्हता. पण पैसे वाटायला जमीन संपादन, जंगल, टेंडर, पावसाळा यातलं काही आडवं येत नाही. तिथंही जिथं दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागलं तिथं अडलंच. रेशनवरच्या फुकट तांदळाच्या अन्नभाग्य योजनेसाठी केंद्राने तांदूळ विकायचं थांबवलं, तर वाढीव पाच किलोऐवजी माणशी १७० रुपये द्यावे लागले. गृहज्योतीत २०० युनिट वीज सगळ्यांना फुकट असा लोकांचा समज झाला. प्रत्यक्षात आधीच्या वर्षाची सरासरी अधिक दहा टक्के, आणि २०० च्या वर गेलात तर पूर्ण बिल. हेस्कॉम ह्या वीज कंपनीच्या खिडकीवर त्या ऑगस्टमध्ये जी भांडणं झाली ती ह्या एका गैरसमजावरून.

घरच्या यजमानिणीला महिना दोन हजार देणाऱ्या गृहलक्ष्मीची गोष्ट मी जवळून पाहिली. आमच्या गल्लीतली एक बाई कार्ड, पासबुक, आधार सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आली. दोन हजार येत नव्हते. रेशनकार्डावर घरची यजमानीण म्हणून सासूचं नाव, आणि सासू दोन वर्षांपूर्वी वारलेली. नाव बदलायला गेली तर दुरुस्तीचं पोर्टल बंद. ते उघडलं तेव्हा कार्डावर नाव कन्नडमधून उतरवलेलं एक, आधारवर मराठीतून इंग्रजीत गेलेलं दुसरं. 'बाई' एका ठिकाणी जोडून, एका ठिकाणी तोडून. बँकेच्या कॉम्प्युटरला ह्या दोन वेगळ्या बायका. तिला वाटत होतं आपण मराठी म्हणून पैसे अडवले. तसं नव्हतं, पण तिला तसं का वाटलं हेही मला कळत होतं. सहा खेपा झाल्या. पैसे आले तेव्हा ती मला लिंबाच्या लोणच्याची बरणी देऊन गेली आणि म्हणाली, "आधीचे महिने मिळतील काय ओ?" मिळाले नाहीत.

हे सगळं सांगायचं कारण, तुमच्या अपेक्षेला दोन भाग करा. खात्यात थेट येणारं जे आहे ते नवं सरकार लगेच बदलू शकतं, वाढवूही शकतं आणि थकवूही शकतं. जमिनीवर उभं राहणारं जे आहे त्याला अर्थसंकल्पाचं वेळापत्रक लागतं. २०२३ ची निवडणूक मे मध्ये झाली, नवा अर्थसंकल्प ७ जुलैला आला, ३ लाख २७ हजार कोटींचा, त्यात गॅरंटींसाठी वर्षाला सुमारे ५२ हजार कोटी धरलेले. त्या दीड महिन्यात तुमचा पूल त्यात घुसणं शक्यच नव्हतं. पण पुढचा अर्थसंकल्प १६ फेब्रुवारी २०२४ ला आला, त्याच्यापुढचा ७ मार्च २०२५ ला. खाती आपली मागणी त्याच्या बरीच आधी वर पाठवतात. माझा ठोकताळा असा: गणपती उठले की अर्ज विभागाच्या ऑफिसात पडलेला पाहिजे, दिवाळीपर्यंत इस्टिमेट तयार पाहिजे. संक्रांतीनंतर आलेला अर्ज त्या वर्षाला उपयोगाचा नाही. बांधकाम खात्याच्या कामांची यादी 'अपेंडिक्स-ई' मध्ये छापून येते. त्यात गावाचं नाव, किलोमीटर आणि रक्कम असते. तुमचं नाव त्यात आलं का, एवढंच बघायचं. भाषणात आलं का ते बघू नका. मोठ्या पुलांना नाबार्डच्या कर्जातूनही पैसे मिळतात, त्यासाठी इस्टिमेट वेगळ्या पद्धतीने लागतं, ते अभियंत्याला आधीच विचारा.

आता आमदार. विरोधातला आमदार बिनकामाचा, हे आपल्याकडचं लाडकं मत आहे. त्याच्या हातात काय काय असतं बघा. वर्षाला दोन कोटींचा स्थानिक विकास निधी, सत्तेत असो नसो. तालुक्याच्या केडीपी, म्हणजे विकासकामांच्या आढाव्याच्या, बैठकीचं अध्यक्षपद, जिथं सगळी खाती हजर असतात. आणि विधानसभेत प्रश्न विचारायचा हक्क. ह्यातलं शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं आणि लोक तेच मागत नाहीत. 'अमुक गावच्या पुलाला कोणत्या तारखेला मंजुरी दिली, काम का थांबलं, पुन्हा कधी घेणार' असा प्रश्न गेला की बेंगळूरहून खाली फोन येतो आणि महिनोन्‌महिने न सापडलेली फाईल दुपारच्या आत सापडते. उत्तर छापील मिळतं, मंत्र्याच्या नावाने. पुढच्या पाच वर्षांत कुणीही 'आम्हाला माहीत नाही' म्हणू शकत नाही. सत्तेतला आमदार आपल्याच मंत्र्याला असा प्रश्न घालायला कचरतो. ह्या एका बाबतीत तुमचा आमदार सत्तेबाहेरचा आहे हे बरंच आहे.

आमदाराकडे एवढी गर्दी होण्याचं अजून एक कारण आहे, त्याकडे कोणी बघत नाही. जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायतीची शेवटची निवडणूक २०१६ ची. २०२१ मध्ये मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षं निवडणूकच नाही. पूर्वी मोरी, शाळेचे पत्रे, बोअरवेल ह्यासाठी झेडपी मेंबर होता. तो आपल्याच जत्रेत जेवायला यायचा, रस्त्यात गाठता यायचा. आता ग्रामपंचायतीच्या वर थेट आमदार. विधानसभेकडून लोक जास्तच अपेक्षा करतात असं शहरातले लोक म्हणतात, पण मधला जिना काढून घेतल्यावर माणूस करणार काय? आणि ह्या काढून घेण्यात दोन्ही पक्षांची सरकारं सामील आहेत.

सत्ता बदलत असताना काय चालू राहतं आणि काय तुटतं, हे मी २०१९ च्या पुरात बघितलं. २६ जुलैला येडियुराप्पांनी शपथ घेतली, एकट्यानेच. मंत्रिमंडळ झालं २० ऑगस्टला. मधल्या काळात कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्या एकदम चढल्या. अथणी, कागवाड आणि गोकाकचे आमदार त्याच जुलैत अपात्र ठरलेले. म्हणजे मंत्री नाही आणि निम्म्या बुडालेल्या भागाला आमदारही नाही. मला कृष्णाकाठच्या एका शाळेतल्या केंद्रावर याद्या करायला पाठवलं होतं. वर्गात म्हशी, व्हरांड्यात माणसं. दहा हजारांची तातडीची मदत तरी वाटली गेली, कारण तिचा नियम ठरलेला होता आणि तहसीलदाराला तो माहीत होता. पण घरांच्या पाहणीत ए, बी, सी असे वर्ग होते. ए ला पाच लाख, सी ला त्यामानाने किरकोळ. एका आजोबांच्या मातीच्या घराच्या तीन भिंती पाहणीच्या दिवशी उभ्या होत्या. सी लिहिलं. आठवड्याने ऊन पडलं, भिजलेल्या भिंती वाळताना चिरल्या आणि दोन बसल्या. यादी वर गेलेली. तो वर्ग बदलून घ्यायला सव्वा वर्ष लागलं. नियमात बसतं ते सरकारशिवायही होतं. नियमाच्या कडेला जे उभं असतं त्याला भांडणारा माणूस लागतो, आणि तेव्हा तो नव्हता. आमदाराचा खरा उपयोग मला त्या आजोबांच्या अंगणात कळला, इतकी वर्षं नोकरी करून.

भाषेचं न बोलता पुढं गेलो तर तुम्ही म्हणाल काका टाळतात. बेंगळुरात पक्ष बदलला म्हणून मराठी कागदपत्रं मिळतील ही आशा मी केव्हाच सोडली. कन्नड भाषा समग्र विकास कायदा भाजपच्या काळात मंजूर झाला. पाट्यांवर ६० टक्के कन्नड ही दुरुस्ती २०२४ च्या फेब्रुवारीत काँग्रेसच्या सरकारने केली. तिथं त्यांच्यात मतभेद नाही. महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ मध्ये दोन आमदार होते, २०१८ पासून एकही नाही, तेव्हा सभागृहात हा विषय काढणाराही उरला नाही. शिवाय सीमावादामुळे आपल्या डोक्यावर दोन विधानसभा. मुंबईत सरकार बदललं तरी आपल्याकडे पेढे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू केली, इकडच्या सरकारने हरकत घेतली, आणि रुग्ण मधल्यामध्ये.

पण एक हक्क आहे जो कुठल्याही सरकारवर अवलंबून नाही. घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. खिडकीवरचा माणूस 'कन्नडदल्ली बरेदु तन्नि', कन्नडमध्ये लिहून आणा, म्हणाला तरी मराठी अर्ज नाकारता येत नाही. मी स्वतः दोन्ही देतो. मराठी अर्जावर गावकऱ्यांच्या सह्या, आणि सोबत कन्नड तर्जुमा. काहींना हे पटत नाही, ते मला लाचार म्हणतात. म्हणोत. सेक्शनमधल्या त्या पोराला मराठी येत नसेल तर अर्ज भाषांतराच्या नावाखाली तळाला जातो, आणि पावसाळा काही थांबत नाही.

तर आता असं करा. अर्जात पुलाचं ठिकाण सर्व्हे नंबरासकट लिहा, भूमिपूजनाची तारीख लिहा, पावसाळ्यात किती दिवस गाव तुटतं ते शाळेच्या हजेरीपटावरून काढा, मास्तर देतील. मंत्र्याच्या सत्काराचा मजकूर काढून टाका. मूळ प्रत विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला, नक्कल आमदाराला आणि पालकमंत्र्यांना. नकलेवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, जेवणाची सुट्टी झाली म्हणून 'उद्या या' म्हणाले तरी तिथंच बाकावर बसा. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला विधानसभेचं अधिवेशन असतं, त्याच्या निदान महिनाभर आधी आमदारांना प्रश्नाचा मजकूर लिहूनच द्या, तोंडी सांगू नका. बाहेर तंबूत धरणं धरायला ट्रॅक्टर भरून यायची गरज नाही, दोन माणसं पुरे. आणि माहिती अधिकारात इस्टिमेट हाताला लागलं की त्याची झेरॉक्स मला दाखवा. पहिल्या पानावर रस्त्याचा नंबर काय घातलाय, तेवढं बघायचंय.